अन्सेल्मोचं पुढं काय झालं?

अमरावतीच्या राजापेठेत कोणालाही विचारा, भाऊसाहेबांचं भाषण कसं असतं? माणूस लगेच म्हणेल, "एक नंबर!" मग विचारा, ते लिहितं कोण? तो तुमच्या तोंडाकडं पाहत राहील. नेत्याचं भाषण कोणी लिहून देतं, हे आपल्या लोकांच्या गावीच नसतं. त्यांना वाटतं, साहेब माइकपुढं उभे राहिले की त्यांना सुचतं. सुचतं, बाप्पा, सुचतं! आदल्या दिवशी मी जेवणखाण सोडून टेबलाशी बसलो की दुसऱ्या दिवशी साहेबांना बरोबर सुचतं.

मी अमरावतीच्या एका शाळेत इतिहास शिकवायचो. वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलं तयार करायचो. एका वर्षी मुलांनी ढाल आणली आणि बक्षीस वाटायला आलेल्या भाऊसाहेबांनी विचारलं, "या पोट्ट्यायले असं बोलाले शिकवलं कोनं?" मुख्याध्यापकांनी माझ्याकडं बोट दाखवलं. तेव्हापासून मी भाऊसाहेबांचा झालो. तेव्हा ते जिल्हा परिषदेत होते. पुढं आमदार झाले, काही काळ राज्यमंत्रीही झाले. नाव लिहीत नाही. तसे भाऊसाहेब प्रत्येक तालुक्यात एकेक सापडतात, तुमचा तुम्ही धरून घ्या.

या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "मास्तर, हलकंफुलकं लिहा. राजकारणातले गमतीचे किस्से असतील ना?" आहेत, बाई. पण तोंड कडू झालेलं असताना गोड लिहिणं मला जमलं असतं, तर मी अजून त्यांच्याच कचेरीत बसलेला दिसलो असतो.

बाहेरच्या माणसाला हा धंदा थोडा समजावून सांगतो. भाषण म्हणजे निबंध नव्हे. निबंध डोळ्यांसाठी असतो, भाषण बोलणाऱ्याच्या दमासाठी. भाऊसाहेबांना बिडीनं दम लागायचा, म्हणून माझी वाक्यं आखूड. जोडाक्षरं कमी. 'सार्वत्रिकीकरण' असा शब्द आला की ते कागदावरून मान वर करून माझ्याकडं असे बघायचे, जसं काही मी त्यांच्या जेवणात खडा टाकला. दुसरी गोष्ट टाळीची. टाळी कुठं येणार हे लिहिणाऱ्यानं आधी ठरवायचं, आणि तिच्यामागं एक बिनकामाचं वाक्य ठेवायचं. कारण ते वाक्य टाळ्यांत बुडतं, कोणाला ऐकू येत नाही. नवखा लेखक नेमकं त्याच जागी आपलं सगळ्यात चांगलं वाक्य ठेवतो आणि वाया घालवतो. हे मी भाऊसाहेबांनाही घोटून घोटून शिकवलं होतं. श्रद्धांजलीचं भाषण सगळ्यात सोपं, कारण ज्याच्याबद्दल बोलायचं तो हरकत घ्यायला हजर नसतो.

एकानं मात्र हरकत घेतली होती. अकोल्याचे एक म्हातारे ठेकेदार माझ्याकडं आले. म्हणाले, "मास्तर, मी मेल्यावर भाऊसाहेब बोलतीनच. ते आताच लिहा अन् मले वाचून दाखवा. मंग मी ऐकाले थोडाच राह्यतो?" मी लिहिलं. ते डोळे मिटून ऐकू लागले.

"मनमिळाऊ काढा," म्हणाले, "लोकं हासतीन."

"बरं. दानशूर?"

"ते त पह्यले काढा. माही बायको समोरच बसून राहीन."

असं करता करता कागदावर एवढंच उरलं की ठेकेदारसाहेब रोज पहाटे उठत असत आणि त्यांनी बांधलेला एक पूल अजून उभा आहे. ते समाधानानं घरी गेले. पुढं खरंच वारले तेव्हा भाऊसाहेबांनी तेच वाचलं आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या हातून लिहिलं गेलेलं सगळ्यात खरं भाषण ते. बाकीची आठवली की पाणी प्यावंसं वाटतं.

तर आता अन्सेल्मो.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठातले कापसाचे एक प्राध्यापक निवृत्त होऊन मुलाकडं परदेशी गेले आणि त्यांची पुस्तकं रद्दीत आली. रद्दीवाला माझ्या ओळखीचा. त्यानं माझ्यासाठी एक गठ्ठा बाजूला ठेवला होता, त्यात हे बारकं इंग्रजी पुस्तक निघालं. पॅराग्वे नावाच्या देशातल्या अन्सेल्मो नावाच्या पुढाऱ्याचं चरित्र, त्याच्या मुलीनं लिहिलेलं. मुखपृष्ठावर कापसाच्या ढिगावर बसलेला, भरघोस मिशांचा, उन्हानं डोळे बारीक केलेला माणूस. मी म्हटलं, अरे, हा तर आपल्या मूर्तिजापूरचा दिसतो!

वाचत गेलो तसा तो आणखीनच जवळचा वाटायला लागला. पॅराग्वे हा दक्षिण अमेरिकेतला देश, आपल्या वऱ्हाडासारखाच समुद्रापासून दूर. माती तांबडी, पण पीक कापसाचं. तिथं लोक घरात ग्वारानी बोलतात आणि कचेरीत स्पॅनिश. आपण नाही का, घरात 'मले-तुले' आणि तहसीलच्या पायऱ्या चढलो की 'मला-तुला'! अन्सेल्मोचा बाप जिनिंगमध्ये हमाल. पोरगा शाळा सोडून रेच्यावर लागला. रेचा म्हणजे कापसातून सरकी काढणारं यंत्र. त्या रेच्यानं त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं खाल्ली. मग त्यानं मजुरांची संघटना बांधली. तेव्हा तिथं हुकूमशाही होती. त्याला तुरुंगात टाकलं, सोडलं, परत टाकलं. शेवटी तो नदी ओलांडून अर्जेंटिनात पळाला आणि तिथं कित्येक वर्षं वीटभट्टीवर राबला. हुकूमशहा गेल्यावर गावी परतला, निवडणुकीला उभा राहिला. सभेत स्पॅनिश बोलायची रीत होती, हा ग्वारानीत बोलला. राजधानीतले लोक हसले. जिनिंगच्या मजुरांनी त्याला निवडून दिलं आणि तो मजूरमंत्री झाला.

मंत्री होऊन राजधानीला निघाला त्या दिवशी तो जिनिंगच्या फाटकावर आला आणि लोकांना म्हणाला, "ही जिनिंग मी मंत्री असताना बंद पडली, तर मी खुर्ची सोडून परत येईन आणि तुमच्यात उभा राहीन." जिनिंग बंद पडली. मंत्र्याचं कोणी ऐकलं नाही, मालकानं यंत्रं विकली. अन्सेल्मोनं राजीनामा लिहिला, सरकारी गाडी जागेवर ठेवली आणि बसनं गावी आला. त्यापुढं काय झालं ते पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात आहे. ते मी तुम्हाला शेवटी सांगतो. या लेखाचं सगळं रडगाणं त्या प्रकरणापायीच आहे.

मी ती गोष्ट मराठीत उतरवून भाऊसाहेबांना वाचून दाखवली. ते खूश.

"लय भारी, मास्तर! पन पॅराग्वे कोनाले समजते? ब्राझील करा. फुटबॉलमुळं पोट्ट्यायले बी माईत हाय."

असं त्या बिचाऱ्याचं नागरिकत्व गेलं. मी एवढ्यावर गप्प बसलो. मग ते म्हणाले, "अन् शेवट काढा."

"भाऊसाहेब, शेवटासाठी तर गोष्ट आहे."

"मास्तर, तुमी शाळेत शिकवलं, मी सभेत शिकलो. नेता हारला असं सभेत सांगाचं नसते. जिनिंग बंद पडली, राजीनामा देल्ला, बसनं आला, हे कायले? लोकं म्हनतीन, हा बी बसनंच जाईन. त्यानं वचन देल्लं, टाळ्या वाजल्या, खतम."

मी वाद घातला. एकदा नाही, दोन-तीनदा घातला. शेवटी त्यांनी पेन घेऊन ते परिच्छेद स्वतःच्या हातानं खोडले. गोष्ट वचनाशी थांबली.

आणि काय सांगू, ती गोष्ट अशी चालली! बचतगटाच्या मेळाव्यात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, बाजार समितीत, जिथं तिथं 'ब्राझीलचे अन्सेल्मोभाऊ'. बायका माहेरच्या माणसासारखं त्यांचं नाव घ्यायच्या. एका गावच्या सरपंचानं तर मला बाजूला घेऊन त्यांच्या जयंतीची तारीख विचारली. मला तेव्हा मजा वाटायची, अभिमानही वाटायचा. इतक्या लांबच्या एका थोट्या मजुराला मी वऱ्हाडात आणून बसवला होता. अर्धाच आणला होता, पण आणला होता.

मग सूतगिरणीच्या फाटकावरची सभा आली.

ती गिरणी अकोल्याच्या बाजूला. सहकारी, संचालक मंडळावर सगळी भाऊसाहेबांचीच माणसं. गिरणी बंद करून यंत्रं विकायची, अशी कुजबुज सुरू झाली आणि कामगार फाटक अडवून बसले. हिशेब सरळ होता. माणसं फाटकात बसलेली आहेत तोवर ट्रक आत जाणार नाही, आणि ट्रक आत जात नाही तोवर गिरणी विकली जाणार नाही. त्यांना उठवायला भाऊसाहेब निघाले होते. मला सांगण्यात आलं होतं की साहेब कामगारांना धीर द्यायला चाललेत.

त्या कामगारांचा माणूस म्हणजे सत्तारभाई. गिरणीतले फिटर. उंच, मेंदी लावलेली दाढी, आवाज कधी चढवायचे नाहीत. अंगात गिरणीचा निळा सदरा आणि खिशावर लाल दोऱ्यानं भरलेला टिकट नंबर. गिरणीत माणसाची ओळख त्या नंबरानं. हजेरी त्यावर, पाळी त्यावर, डबा ठेवायचं कपाट त्यावर. बाकीच्यांचे नंबर रंगानं छापलेले होते. सत्तारभाईंचा त्यांच्या बायकोनं हातानं भरला होता. ती आता नव्हती. सत्तारभाईंचा शब्द म्हणजे फाटकावरच्या सगळ्यांचा शब्द, हिंदू काय नि मुसलमान काय.

भाऊसाहेब बोलायला उभे राहिले. अन्सेल्मोभाऊ रेच्यावर लागले, त्यांची बोटं गेली, ते तुरुंगात गेले, परत आले, मंत्री झाले. फाटकावर उभं राहून त्यांनी वचन दिलं. इथं भाऊसाहेब थांबले, कारण इथं माझी टाळी होती.

टाळी आली नाही.

वऱ्हाडातला माणूस गोष्ट अर्धी सोडून उठत नाही. कीर्तन असो की कव्वाली, शेवट ऐकल्याशिवाय सतरंजीवरून हलायचं नाही, ही इथली रीत. इतर सभांत लोकांना घरी जायची घाई असायची, म्हणून आमचं निभावलं होतं. ही माणसं तर दिवसेंदिवस तिथंच बसून होती, त्यांना कुठं जायचं होतं? सत्तारभाई उठून उभे राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, "भाऊसाहेब, मंग पुढं काय झालं? जिनिंग बंद पडली का राह्यली?"

मागून सगळे ओरडले, "हौ, सांगा ना! पुढं काय झालं?"

भाऊसाहेबांनी कागदाकडं पाहिलं. कागदावर काही नव्हतं, त्यांनीच खोडलं होतं. मग माझ्याकडं पाहिलं. मी उठून त्यांच्या कानाशी जाणार, एवढ्यात त्यांचा हात वर गेला. "पुढं काय झालं ते मी सांगत नाई!" ते गरजले. "पुढचं मी तुमाले करून दाखवतो! ही गिरणी बंद पडली, त मी आमदारकी फेकून देईन, अन् हा निळा सदरा घालून तुमच्यासंगं पाळीवर उभा राहीन!"

टाळ्या म्हणजे काय टाळ्या! ते वाक्य माझं नव्हतं. मी त्यांना दिलेल्या शेकडो कागदांत ते कुठंही नव्हतं, आणि तेच सगळ्यात भारी पडलं.

तरी काही माणसं फाटक सोडायला तयार नव्हती. एक म्हातारी बाई-कामगार तर म्हणाली, "बोलाले काय जाते त्याचं?" तेव्हा सत्तारभाईंनी हात जोडले. "मी जबान देतो. भाऊसाहेब फिरले त मले इचारा." मग लोक उठले. त्यांनी भाऊसाहेबांच्या शब्दावर फाटक सोडलं नाही, सत्तारभाईंच्या शब्दावर सोडलं. एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

परत येताना गाडीत भाऊसाहेब खुशीत. "कसं सुचलं पाहा, मास्तर! तुमच्याबिगर!"

"भाऊसाहेब, त्यांनी ते खरं धरलंय."

"काई बी! सभेतलं बोलनं कोनी खरं धरते का?"

दिवाळीनंतर ट्रक लागले. पोलीस बंदोबस्तात यंत्रं निघाली, फाटकाला कुलूप पडलं. भाऊसाहेब त्या दिवसांत मुंबईला होते. आमदारकी जागच्या जागी होती.

सत्तारभाई एसटीनं राजापेठेतल्या आमच्या कचेरीत यायला लागले. तोच निळा सदरा, धुतलेला, इस्त्री केलेला. बाकावर बसायचे, कोणाशी बोलायचे नाहीत, नाव पुकारायची वाट पाहायचे. नाव पुकारलं जायचं नाही. शेवटी माझ्या टेबलाशी यायचे. एकदा म्हणाले, "मास्तर, भाऊसाहेबाले सांगा, आमदारकी राहू द्या. आमाले काय कराची त्यायची आमदारकी? गिरनी बी गेली ते गेली. फकत एक रोज या. पह्यल्या पाळीच्या टायमाले, सदरा घालून, फाटकावर आमच्यात उभे राहा अन् चालले जा. माही जबान राहीन."

"लोक भांडतात का तुमच्याशी?"

"भांडले असते त बरं झालं असतं. भांडत नाईत, मास्तर. नमाज झाली की बाहेर चप्पल घालता घालता कोनी तरी इचारते, 'भाई, कवा येऊन राहिले तुमचे भाऊसाहेब?' अन् बाकीचे हासतात. चौकात गेलो तरी तेच. माह्या पुतन्याच्या साखरपुड्यात बी तेच. आता मी बोलाले उभा राहिलो की लोकं पानटपरीवर जातात."

मी भाऊसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पाहू." पुन्हा सांगितलं. पुन्हा "पाहू." हा एक शब्द त्यांना कोणी लिहून द्यावा लागला नाही.

पुढच्या वर्षी भाऊसाहेबांची एकसष्टी आली. अमरावतीचं मोठं सभागृह, फुलांच्या कमानी, सत्काराला रांग. जो येतो तो शाल आणि नारळ देतो, फोटो काढतो, खाली उतरतो. त्या रांगेत मला सत्तारभाई दिसले. अंगात साधा पांढरा कुडता आणि हातात कापडी पिशवी. मला वाटलं, आज निळा सदरा कसा नाही?

ते स्टेजवर चढले. पिशवीतून निळा सदरा काढला, दोन्ही हातांवर ठेवला आणि माइकवर म्हणाले, "भाऊसाहेब, शालीची आमची ऐपत नाई. तुमी बोलले व्हते, म्हनून हा सदरा आनला. माहाच हाय. नवा आता कुठी भेटत नाई."

खरं सांगतो, मला आतून आनंद झाला. म्हटलं, सापडले! आता घेतला तरी पंचाईत, नाही घेतला तरी पंचाईत. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा भाऊसाहेबांना शब्द न सुचावा म्हणून देवाला विनवत होतो.

शब्दांची गरजच पडली नाही. भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांना पाहिजे तेव्हा आणता येतं, मी श्रद्धांजलीच्या सभांत पाहिलेलं आहे. त्यांनी सदरा घेतला, कपाळाला लावला, आणि सिल्कच्या कुडत्यावर तसाच चढवला. पोटावर बटणं लागेनात, पण चढवला. मग सत्तारभाईंना मिठी मारली. अख्खं सभागृह उभं राहिलं. टाळ्या, शिट्ट्या, कॅमेऱ्यांचे लखलखाट. आणि त्या टाळ्यांत सत्तारभाई माइकवर सांगत होते, "उद्या पह्यल्या पाळीले फाटकावर या, भाऊसाहेब, आमी सारे उभे राहू." ते वाक्य स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या मला ऐकू आलं, पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नाही. माझं मलाच हसू आलं. टाळीनंतरचं वाक्य बुडतं, हे भाऊसाहेबांना शिकवलं होतं कोणी?

भाऊसाहेबांनी मात्र ते ऐकलं होतं. ते दोन बोटांच्या अंतरावर उभे होते. मान हलवून हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकोल्याला गेलो. का गेलो माहीत नाही, घरात बसवेना. गिरणीच्या फाटकावर पन्नासेक माणसं जमली होती. सत्तारभाईंनी घरोघरी जाऊन बोलावलं होतं. सगळ्यांनी पेटीतून काढून निळे सदरे घातले होते, कोणाचे उसवलेले, कोणाचे घट्ट झालेले. सत्तारभाई एकटे पांढऱ्या कुडत्यात. पाळीची वेळ झाली, टळली. रस्त्यावरून गाडी आली की सगळे माना वळवायचे. मी भाऊसाहेबांना फोन लावला, तो बंद होता. ऊन चढलं. एक तरुण कामगार जाता जाता सत्तारभाईंजवळ थांबला आणि म्हणाला, "भाई, साऱ्यायचे सदरे हायेत. तुमचा कुठी हाय?"

माणसं एकेक करून गेली. शेवटी आम्ही दोघं उरलो. मी म्हटलं, चला, चहा घेऊ. ते म्हणाले, "तुमी जा, मास्तर. मी थांबतो थोडा." मी निघालो तेव्हा ते फाटकाकडं तोंड करून उभे होते.

निवडणूक लागली. राजापेठेत ज्या दुकानात आमचे फलक छापायचे, तिथं मजकूर तपासायला मी गेलो. संगणकाच्या पडद्यावर एकसष्टीतला फोटो होता. भाऊसाहेब निळ्या सदऱ्यात, डोळ्यांत पाणी. मिठीतले सत्तारभाई कापून टाकलेले, त्यांचा फक्त एक हात भाऊसाहेबांच्या खांद्यावर राहिला होता, तो संगणकावर बसलेला पोरगा पुसत होता. हात पुसून झाल्यावर त्यानं खिशावरचा लाल नंबर पुसायला घेतला.

मी म्हटलं, "तो का पुसतोस रे?"

"साहेबांच्या ऑफिसातून सांगतलं, काका. लोकं मतदानाच्या मशीनवरचा नंबर समजतीन, अन् दुसऱ्यालेच मत देतीन."

बरोबरच होतं. त्या बाईनं इतक्या जपून भरलेला नंबर, दोन मिनिटांत कापडाच्या रंगाचा झाला.

त्याच संध्याकाळी भाऊसाहेबांनी बोलावलं. जीवनपरिचयाचं पत्रक काढायचं होतं. म्हणाले, "मास्तर, त्यात एक टाका. तरुनपनी मी गिरनीत कामाले व्हतो, तवाचा हा सदरा जपून ठेवला हाय."

"भाऊसाहेब, तो सत्तारभाईंचा आहे."

"त्यानं देल्ला ना? देल्ला म्हनजे माहा झाला."

मी फार बाणेदार वगैरे माणूस नाही. टेबलावर मूठ आपटून बाहेर पडलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी गुडघेदुखीचं कारण सांगितलं आणि जाणं बंद केलं. पत्रक दुसऱ्या कोणी तरी लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, वाक्यं आखूड होती. भाऊसाहेब दणदणीत निवडून आले. ज्या मोहल्ल्यात सत्तारभाई राहतात तिथूनही त्यांना भरपूर मतं मिळाली, हे मी मुद्दाम विचारून घेतलं. लोकांचा राग सत्तारभाईंवर होता. भाऊसाहेबांवर राग धरायला लोकांना भाऊसाहेब भेटावे तर लागतात!

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी अकोल्याला उतरलो. स्टेशनबाहेर रिक्षांची गर्दी. एका रिक्षाच्या पाठीवर भाऊसाहेबांचा तोच फोटो चिकटवलेला, उन्हानं फिकटलेला, निळा सदरा पार पांढुरका झालेला. मी दुसरी रिक्षा पाहायला वळलो, तर आवाज आला, "मास्तर, बसा ना. वळख ठेवा जराशी."

सत्तारभाई होते. दाढी पांढरी, मेंदी सोडलेली. अंगात खाकी.

मी बसलो. मागच्या फोटोबद्दल विचारू की नको, असं चाललं होतं, तेवढ्यात तेच म्हणाले, "गाडी मालकाची हाय. फोटो बी मालकानंच लावला. मले पाठीमागचं कुठी दिसते?" आणि हसले. मला काही हसता आलं नाही.

लग्नाचं कार्यालय आलं. मी उतरणार, तोच त्यांनी रिक्षा झाडाखाली घेऊन बंद केली आणि मागं वळून बसले.

"एक सांगा, मास्तर. त्या रोजी मी फाटकावर इचारलं व्हतं, ते राहूनच गेलं. त्या अन्सेल्मोभाऊचं पुढं काय झालं? का तो बी तुमचाच बनवेल व्हता?"

"नाही, सत्तारभाई. तो खरा होता."

मग मी त्यांना ते शेवटचं प्रकरण सांगितलं. अन्सेल्मो बसनं गावी आला तेव्हा बसस्टँडवर लोक त्याच्या अंगावर थुंकले. दुसऱ्या दिवशी तो जिनिंगचा जुना सदरा घालून बंद फाटकापुढं जाऊन उभा राहिला. पाळी सुटायच्या वेळेपर्यंत उभा राहिला आणि घरी गेला. तिसऱ्या दिवशी परत आला. हळूहळू एक जण येऊन शेजारी उभा राहिला, मग दुसरा. जिनिंग काही परत सुरू झाली नाही. अन्सेल्मो पुढं कापसाच्या वजनकाट्यावर गाठोडी उतरवायचं काम करायचा, त्या तीन बोटांच्या हातानं. पुन्हा निवडणूक लढवली नाही, कोणी लढव म्हटलंही नाही. तो मेला तेव्हा राजधानीतून मोठी माणसं झेंडा घेऊन आली, त्याच्यावर पांघरायला. मुलीनं झेंडा घडी करून परत दिला. जिनिंगच्या लोकांनी त्याला त्याच्या सदऱ्यातच पुरलं. पुस्तक तिथं संपतं.

सत्तारभाई पुढं वळले आणि त्यांनी हँडलवर हात ठेवले.

"सदरा त्याचा सोताचाच व्हता?"

"स्वतःचाच."

"त्याच्याच आंगावर राह्यला?"

"शेवटपर्यंत."

"नशीबवाला मानूस," ते म्हणाले, आणि मी उतरताच त्यांनी रिक्षा सुरू केली.